अंश, छेद आणि कळफलक

वर्गसमीकरणाची मुळं काढायचं सूत्र शाळेत प्रत्येकानं कधी ना कधी पाठ केलेलं असतं. उणे ब, अधिक किंवा उणे, वर्गमुळात ब वर्ग उणे चार अ क, आणि सगळ्याच्या छेदात दोन अ. वहीत ते लिहायला काही क्षण पुरतात. हात वर्गाचा दोन आपोआप वर आणि लहान काढतो, करणीचिन्हाचं छत हवं तेवढं लांबवतो, अंशाच्या रुंदीची आडवी रेघ ओढतो आणि छेद बरोबर मधोमध ठेवतो. हेच सूत्र यंत्रावर उतरवायला बसलं की यातली एकेक गोष्ट अडचण होऊन समोर येते. छपाईचे खिळे असोत, टाइपरायटर असो की संगणकाचा कळफलक, सगळ्यांची चाल एकच: डावीकडून उजवीकडे, एका ओळीत. गणिताला मात्र वर-खाली आणि आत-बाहेर जागा लागते.

मी पुण्यात गणिताचं टायपिंग केलं. सुरुवात हातानं चालवायच्या इंग्रजी टाइपरायटरवर, पीएच.डी.च्या प्रबंधांपासून झाली. पुढे डीटीपी आलं आणि क्लासच्या नोट्स, प्रश्नसंच, पाठ्यपुस्तकांना पूरक पुस्तकं अशी कामं येत गेली. ज्या कामानं पोट भरलं त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा म्हणून मी मिळेल ते वाचत आले, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. समीकरण कसं दिसतं एवढंच ज्यांनी साठवलं, त्यांची मेहनत पुढे अडकून पडली. समीकरण कसं वाचायचं हे ज्यांनी साठवलं, त्यांची मेहनत यंत्रं बदलली तरी टिकली.

हे मला पहिल्यांदा भास्कराचार्यांच्या बीजगणिताविषयी वाचताना जाणवलं. बाराव्या शतकातल्या या ग्रंथात अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि लिहिताना नुसतं ‘या’ लिहितात. दुसरी अव्यक्त राशी आली तर कालक, तिसरी नीलक, म्हणजे ‘का’ आणि ‘नी’. वर्गासाठी ‘व’, घनासाठी ‘घ’, आणि सुट्या संख्येसाठी ‘रूप’ या शब्दातला ‘रू’. आज आपण ज्याला तीन क्ष वर्ग अधिक पाच क्ष अधिक सात म्हणू, ते या पद्धतीनं ‘याव ३ या ५ रू ७’ असं होतं. समीकरणाची दुसरी बाजू त्याच्याच खाली, नसलेल्या पदांच्या जागी शून्य घालून लिहायची: ‘याव ० या ० रू ४९’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. अपूर्णांकात अंश वर आणि छेद खाली, मधली रेघ नाही. नक्कल करणाऱ्या लेखनिकाला गणित कळत नसलं तरी अक्षरं ओळखता आली की पोथी उतरवता यायची, आणि वाचणारा ती अक्षरं तोंडानं म्हणू शकायचा.

युरोपात चिन्हं वेगळ्या वाटेनं गेली. रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ साली बरोबरीसाठी दोन समांतर रेघा वापरल्या. देकार्तनं १६३७ च्या भूमितीवरच्या ग्रंथात घातांक आजच्यासारखा अक्षराच्या खांद्यावर बसवला आणि करणीचिन्हाला छत जोडलं. डोळ्यांना हे फार सोयीचं होतं, कारण एका नजरेत राशीची रचना दिसते. त्रास झाला तो खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला. हा त्रास गणितज्ञांनाही कळत होता. लायब्निझ आडव्या छताऐवजी कंस वापरा असं सांगत होता, कारण कंस ओळीतच बसतो. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सनं अपूर्णांकासाठी तिरप्या रेघेचा आग्रह धरला आणि १८८० पासून निघालेल्या आपल्या लेखसंग्रहात ती वापरली. अंश, तिरपी रेघ, छेद, सगळं एका ओळीत. आज मोबाइलवर आपण सहज एक तिरपी रेघ दोन असं लिहितो, तेव्हा छापखान्याची सोय म्हणून रुजवलेलीच सवय पाळत असतो.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात समीकरण म्हणजे खरंच बांधकाम होतं. घातांकाचा खिळा लहान मापाचा, म्हणून त्याच्या खाली आणि बाजूला कोरे तुकडे ठासून भरायचे, नाहीतर तो पानाची लोखंडी चौकट आवळताना सरकणार. अपूर्णांकाची रेघ म्हणजे पितळेची पट्टी, अंश-छेदांपैकी जो रुंद असेल त्याच्या मापानं कापलेली. सिग्माच्या वर आणि खाली मर्यादा लिहायच्या तर तीन वेगळ्या मापांचे खिळे एकावर एक तोलून धरायचे. मोनोटाइप यंत्र आल्यावर कळफलकावरून कागदी पट्टीला भोकं पाडली जात आणि त्यावरून दुसरं यंत्र एकेक खिळा ओतून देई. तरीही मोठी चिन्हं आणि रेघा माणसाच्या हातानंच बसत. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं १९५४ साली चाँडी, बॅरेट आणि बेटी यांचं गणिताच्या छपाईवरचं पुस्तक काढलं. त्यात लेखकांना हेच समजावलं आहे की तुमच्या लिहिण्याच्या कोणत्या सवयी छपाईचा खर्च वाढवतात. त्याच दशकात मोनोटाइपनं गणिताची एक ओळ चार पातळ थरांत ओतायची पद्धत आणली, म्हणजे घातांक आणि पादांक कळफलकावरूनच जागेवर येऊ लागले. गणिताच्या मजकुराचा दर साध्या मजकुरापेक्षा चढा असे, आणि तो रास्त होता.

छापण्याइतके पैसे ज्याच्यासाठी नव्हते ते सगळं टायपिस्टकडे येई. प्रबंध, टिपणं, चक्रमुद्रित नोट्स. १९६१ साली आयबीएमचा सिलेक्ट्रिक आला. त्यात अक्षरांच्या दांड्यांच्या जागी एक फिरता गोळा होता, आणि तो काढून ग्रीक अक्षरांचा व चिन्हांचा गोळा बसवता येई. माझ्या वाट्याला ते यंत्र आलं नाही. माझ्यापुढे साधा टाइपरायटर होता आणि रूळ अर्धी ओळ वर-खाली फिरवायची सोय होती. घातांक आला की रूळ अर्धी ओळ फिरवायचा, अंक मारायचा, परत आणायचा. पादांकासाठी उलटं. ग्रीक अक्षरं, करणीचिन्हं, इंटिग्रलची खूण यांच्यासाठी जागा कोरी सोडायची आणि शेवटी काळ्या शाईच्या रोट्रिंग पेननं ती हातानं भरायची. जागा किती सोडायची, हे त्या समीकरणात पुढे काय आहे ते वाचल्याशिवाय ठरत नसे. म्हणून मी हस्तलिखितातलं प्रत्येक समीकरण आधी पुटपुटून वाचायची: ‘अंशात हे, छेदात ते, त्या सगळ्याचं वर्गमूळ.’ गणितातली पदवी नव्हती, पण कुठलं काय कशाच्या आत आहे ते वाचता आलं की पान नीट उतरायचं. एका प्राध्यापकांनी मला सांगितलं होतं, “ताई, तुम्ही कंस चुकत नाही, कारण तुम्ही ते वाचून घेता.” ती गोष्ट मी कायम लक्षात ठेवली.

त्याच्या बऱ्याच आधी अमेरिकेत न्यू जर्सीच्या बेल प्रयोगशाळेत ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी हीच गोष्ट यंत्राला शिकवली होती. १९७४ साली त्यांनी ‘ईक्यूएन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. माणूस फळ्यासमोर उभा राहून समीकरण जसं बोलून दाखवतो, जवळपास तसंच ते टाइप करायचं, एवढीच त्याची रीत. ‘एक्स सब आय’ म्हटलं की आय पादांक होतो. ‘सुप’ म्हटलं की घातांक. ‘ए ओव्हर बी’ म्हटलं की अंश, रेघ, छेद. रेघ किती लांब, अक्षर किती लहान, छत किती उंच हे सगळं प्रोग्रॅम ठरवणार. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात उद्देश स्पष्ट लिहिला आहे: गणित किंवा छपाई यांपैकी काहीच न शिकलेल्या टायपिस्टलाही हे वापरता यावं. संगणकशास्त्राच्या इतिहासात ईक्यूएन एक छोटी भाषा म्हणून नोंदली गेली आहे. मला ती वाचताना असं वाटलं की कोणीतरी माझ्या बाजूला बसून, माझं पुटपुटणं ऐकून ती तयार केली आहे. लोरिंडा चेरींचं नाव गणित टाइप करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

दुसरी मोठी उडी स्टॅनफर्डमध्ये डॉनल्ड कनुथ यांनी घेतली. त्यांच्या संगणकशास्त्रावरच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली मोनोटाइपच्या शिशात छापला होता आणि त्याचं रूप त्यांना मनापासून आवडत असे. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं फोटोटाइपसेटिंगनं होऊन आली, तेव्हा पानांचा दर्जा इतका घसरला होता की त्यांनी हातातलं लेखन थांबवून स्वतःच अक्षरजुळणीची व्यवस्था बांधायला घेतली. तीच ‘टेक’. जुन्या जुळाऱ्यांनी हातानं केलेल्या उत्तम गणिती पानांचा त्यांनी बारकाईनं अभ्यास केला. प्रत्येक अक्षर एक चौकट, चौकटींमधली जागा लवचीक, आणि चौकटींची मिळून मोठी चौकट, अशी त्याची रचना आहे. गणित सुरू होतं तिथे आणि संपतं तिथे डॉलरचं चिन्ह टाकायचं. गणिताची छपाई महाग म्हणून ते चिन्ह निवडलं, असं कनुथ यांनीच सांगितलं आहे. १९७८ च्या जानेवारीत त्यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे या विषयावर व्याख्यान दिलं. व्यवस्था त्यांनी सर्वांना मोफत दिली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ उभारलं आणि जगभरचे गणितज्ञ आपले लेख स्वतः जुळवू लागले. आता टेकमध्ये नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या, असं कनुथ यांनी ठरवलं आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर तिचा आवृत्ती-क्रमांक पायच्या किमतीकडे एका दशांश स्थळानं सरकतो. १९८० च्या दशकात लिहिलेली टेकची फाइल आजही उघडते, कारण ती साधा मजकूर आहे.

पण क्लासच्या सरांना, शाळेच्या शिक्षकांना आणि आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांना आज्ञा लिहिण्यापेक्षा समोर दिसेल ते हवं होतं. कॅलिफोर्नियातल्या डिझाइन सायन्स या छोट्या कंपनीनं १९८७ साली मॅकिंटॉशसाठी ‘मॅथटाइप’ काढलं. त्याचंच लहान रूप ‘इक्वेशन एडिटर’ या नावानं १९९१ च्या विंडोजसाठीच्या वर्ड २.० बरोबर आलं. पुढची पंधराएक वर्षं घरोघरच्या आणि दुकानोदुकानच्या संगणकांवर समीकरण म्हणजे हाच एडिटर. एक पट्टी उघडायची, अपूर्णांकाचा साचा निवडायचा, आणि ठिपक्यांच्या रिकाम्या चौकटी भरत जायच्या. हात बसल्यावर माउसची गरज उरत नसे. कंट्रोल एफ म्हणजे अपूर्णांक, आर म्हणजे वर्गमूळ, एच म्हणजे घातांक, एल म्हणजे पादांक, आणि टॅबनं चौकटीतून बाहेर. स्पेसबार त्यात चालत नसे, कारण अधिकच्या दोन्ही बाजूंना किती जागा, बरोबरीच्या बाजूंना किती, हे तोच ठरवी. चल राशी तिरप्या अक्षरात आणि साइन-कॉस सरळ अक्षरात, हा छपाईचा जुना शिष्टाचारही तो आपोआप पाळी. जे हे कधी शिकले नव्हते त्यांच्या पानांवरही तो उतरला.

मराठी पुस्तकांत एक जास्तीचं काम असे. त्या काळी आमचा मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये असायचा, आणि समीकरणात मधेच ‘जर’, ‘आणि’, ‘चौ. सेमी’ असे शब्द यायचे. ते फाँट संगणकाच्या दृष्टीनं इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी आकार होते. म्हणून एडिटरच्या स्टाइलमध्ये मजकुरासाठी मराठी फाँट नेमून दिला की शब्द समीकरणाच्या आत नीट बसत. पान सुंदर दिसे. तोच फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की त्याच जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसे. आकार होता, अक्षर नव्हतं. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड आल्यावर मराठी मजकुराची ही फरफट संपली.

समीकरणांनाही युनिकोडच उपयोगी पडलं. मायक्रोसॉफ्टमध्ये मरे सार्जंट नावाचे अभियंता होते, आधी अ‍ॅरिझोना विद्यापीठात प्रकाशशास्त्राचे प्राध्यापक आणि लेझरवरच्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. स्वतः समीकरणं लिहून हात दुखलेला माणूस. त्यांच्या पुढाकारातून वर्ड २००७ मध्ये समीकरण हे चिकटवलेल्या वस्तूऐवजी मजकुराचाच भाग झालं. ऑल्ट आणि बरोबरीचं चिन्ह दाबायचं, मग साधं एका ओळीत लिहायचं: अंश, तिरपी रेघ, छेद. स्पेस दिली की त्याचा उभा अपूर्णांक बांधला जातो. हवं तर तो पुन्हा उलगडून ओळीत आणता येतो. मांडणीचे नियम बनवताना या मंडळींनी कनुथ यांच्या ‘टेकबुक’ या पुस्तकातलं गणिताच्या जुळणीचं परिशिष्ट अभ्यासलं होतं, आणि त्यासाठी कँब्रिया मॅथ हा खास फाँट केला. सुरुवातीला ‘सायन्स’ आणि ‘नेचर’ या नियतकालिकांनी वर्ड २००७ च्या फाइली घेतल्या नाहीत, कारण नवी समीकरणं त्यांच्या छपाईच्या साखळीत बसत नव्हती. हळूहळू साखळ्या बदलल्या. आता वर्डमध्ये लाटेकच्या आज्ञाही लिहिता येतात. स्टोक्सची तिरपी रेघ, कर्निघन-चेरींची बोलती ओळ आणि कनुथ यांचे नियम एकाच चौकटीत येऊन मिळाले.

जुना इक्वेशन एडिटर मात्र वर्डबरोबर तसाच दिला जात राहिला. त्याची फाइल २००० साली बांधलेली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरक्षातज्ज्ञांनी त्यातली उणीव जाहीर केली. समीकरणाच्या माहितीत फाँटचं नाव ठरलेल्या जागेपेक्षा लांब दिलं, तर त्या आडून संगणकात शिरकाव करता येत होता. आधी दुरुस्ती आली, पण आणखी उणिवा सापडल्यावर जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो एडिटरच काढून टाकला. जगभरच्या लाखो दस्तऐवजांतली समीकरणं पानावर दिसत राहिली, पण त्यांना हात लावता येईना. ती पूर्ण गेली नाहीत याचं कारण माझ्या मताला बळ देणारं आहे. त्या प्रत्येक समीकरणात दोन गोष्टी होत्या: वर एक चित्र, आणि आत अंश कोणता, छेद कोणता, घातांक कशाचा याची नोंद. चित्र गोठलं. नोंद मात्र मॅथटाइपला वाचता येत होती, आणि पुढे वर्डच्या नव्या आवृत्त्यांतही ती समीकरणं नव्या स्वरूपात बदलून घ्यायची सोय झाली. ज्यांनी समीकरणाचा नुसता स्क्रीनशॉट ठेवला होता, त्यांच्याकडे बदलायलाच काही नव्हतं.

या इतिहासातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं पान पुण्याशी जोडलेलं आहे. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. किशोरवयात त्यांची दृष्टी गेली. त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली, मग आयआयटी मुंबई, आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. १९९४ सालचा त्यांचा प्रबंध म्हणजे ‘अ‍ॅस्टर’ ही गणित मोठ्यानं वाचून दाखवणारी व्यवस्था. लाटेकची फाइल दिली की ती समीकरण बोलते, घातांक आणि पादांक आवाज बदलून सांगते, आणि ऐकणाऱ्याला हव्या त्या भागात उतरून तेवढाच पुन्हा ऐकता येतो. हे शक्य झालं कारण लाटेकमध्ये समीकरणाची रचना शब्दांत लिहिलेली असते. कर्निघन आणि चेरींनी बोलण्यातून लेखन घडवलं होतं. रामन यांनी त्या लेखनातून पुन्हा बोलणं काढलं. १९९८ साली वेबसाठी मॅथएमएल हे प्रमाण आलं तेही याच रचनेवर उभं आहे, आणि आजचे स्क्रीन-वाचक त्याच्या आधारे गणित वाचतात.

म्हणून आपल्याकडच्या मराठी प्रश्नसंचांत आणि नोट्समध्ये समीकरणं चित्र म्हणून चिकटवलेली दिसतात तेव्हा मला वाईट वाटतं. मोबाइलवर फोटो काढून पाठवलेलं सूत्र डोळस मुलाला वाचता येतं, पण दृष्टिहीन मुलासाठी ते रिकामी जागा आहे. पुढच्या वर्षी त्यातला एक अंक बदलायचा असेल तर शिक्षकाला सगळं नव्यानं लिहावं लागतं. उलट, वर्डच्या समीकरण-चौकटीत किंवा लाटेकमध्ये लिहिलेलं सूत्र बदलता येतं, शोधता येतं, ऐकता येतं आणि उद्याच्या यंत्रात नेता येतं. त्यासाठी लागणारी साधनं बहुतेक संगणकांवर आधीच आहेत, लाटेक मोफत आहे, आणि शिकायला थोड्या आज्ञा पुरतात.

आता माझ्याकडे कोणी काम शिकायला आलं की पहिले काही दिवस मी कळफलकाला हात लावू देत नाही. समीकरण मोठ्यानं, मराठीत, कंसासकट वाचायला लावते: कुठे अंश संपतो, करणीच्या आत काय काय आहे, घात कोणाचा आहे. हे वाचन जमलं की वर्ड, लाटेक किंवा पुढे जे काही येईल ते कुणालाही शिकवता येतं. मराठीतून गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि ती पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकांनी एवढंच ठरवावं, की यापुढे प्रत्येक सूत्र रचनेसकट लिहायचं आणि मूळ फाइल जपायची. भास्कराचार्यांचं ‘या’, ‘व’ आणि ‘रू’ आपल्यापर्यंत वाचता येईल असं पोचलं आहे. आपण लिहिलेलं गणितही पुढच्यांना तसंच वाचता यायला हवं, आणि ते आपल्या हातात आहे.